रंग बदलणारे पूल-दिवे: बदलायचा खर्च, कंट्रोलरची निवड आणि गोव्यातल्या अडचणी

स्विमिंग पुलातला रंगीत दिवा गेला की व्हिलाचा मालक किंवा केअरटेकर दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो दिव्याच्या भावाचा. भाव लगेच कळतो, पण एकूण खर्चाचा अंदाज त्यावरून येत नाही. खर्च ठरतो तो दिव्यापासून पंपरूमपर्यंत फरशीखालून गेलेल्या केबलवर. तिच्यात तारा दोन आहेत की चार, तिची जाडी किती, जोड कुठे मारलेला आहे आणि पाइपातून ओढली तर ती सरकते का, एवढं कळलं की कोणता दिवा आणि कोणता कंट्रोलर घ्यायचा याचा निम्मा निर्णय झालेला असतो. केबल न बघता आणलेला दिवा कितीही चांगला असला तरी तो परत करायची वेळ येते.

आसगाव, शिवोली, हणजूणपासून खाली कोलवा-बाणावलीपर्यंतच्या व्हिलांत आणि छोट्या हॉटेलांत जे दिवे सर्रास लावलेले असतात, ते नजरेसमोर ठेवून हे परीक्षण लिहिलं आहे.

आधी सुरक्षिततेचं बोलू. माणसं उतरतात त्या पाण्यात १२ व्होल्टच्या वरचा एसी दिवा नको. पुलाच्या वायरिंगचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३६४-७-७०२ पाण्यातल्या भागासाठी १२ व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसी एवढीच मर्यादा घालतं. तो पुरवठा देणारा ट्रान्स्फॉर्मरही साधारणपणे काठापासून साडेतीन मीटरच्या पलीकडे असायला हवा. ऑनलाइन बाजारात २२० व्होल्टचे ‘पाण्याखालचे’ दिवे स्वस्तात दिसतात. पोहण्याच्या पुलासाठी ते घेऊच नका, दुकानदार काहीही सांगो. ट्रान्स्फॉर्मरच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर दिव्याच्या आधी तो बसवा.

बाजारात काय मिळतं

सगळ्यात स्वस्त असतो तो भिंतीला स्क्रूने बसणारा चपटा दिवा. आत रेझिन भरलेलं असतं, ताकद १२ ते १८ वॅट, भाव साधारण अडीच ते साडेचार हजार रुपये. आत हवेची पोकळी नसल्यामुळे पाणी शिरायला जागा राहत नाही, हा याचा मोठा गुण. दोष असा की त्याला कारखान्यातून दीड-दोन मीटरचीच केबल येते. ती पंपरूमपर्यंत पोचणं शक्य नाही, मग कुठेतरी जोड मारावा लागतो. हा जोड बहुतेक वेळा दिव्याच्या मागे, पाण्यातच मारला जातो आणि पुढच्या सगळ्या तक्रारींचं मूळ तिथे असतं. ऑर्डर देताना दहा-पंधरा मीटर केबलसकट दिवा मागता येतो. त्याला थोडे पैसे जास्त लागतात, पण ते वसूल होतात.

दुसरा प्रकार पार ५६. सात इंच व्यासाचा हा दिवा जुन्या ३०० वॅटच्या हॅलोजनच्या मापाचा असतो, म्हणून भिंतीत आधीच बसवलेल्या निशमध्ये, म्हणजे त्या प्लास्टिकच्या डब्यात, सरळ जातो. आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा मिसळून रंग देणारा, पार ५६ साडेचार ते नऊ हजारांत मिळतो. गोव्यातल्या दहा-पंधरा वर्षं जुन्या पुलांना हाच सोयीचा, कारण तोडफोड लागत नाही. घेताना पाठीमागची खोली मोजून न्या. काही एलईडी पार ५६ मागे जाड असतात आणि जुन्या डब्यात झाकण बंद होत नाही.

तिसरा थर ब्रँडेड मालाचा: अॅस्ट्रलपूलचे लुमीप्लस, पेंटेअरचे इंटेलिब्राइट, हेवर्डचे कलरलॉजिक. एका दिव्याला वीस हजारांपासून पुढे मोजावे लागतात आणि माल बहुधा मुंबई किंवा बंगळूरहून मागवावा लागतो. रंग खोल आणि एकसारखे, पांढरा खरोखर पांढरा. पण पेंटेअर-हेवर्डचे काही दिवे आणि ट्रान्स्फॉर्मर अमेरिकेच्या १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. परदेशातून कुणी सामानात आणलेला १२० व्होल्टचा संच इथे लावायच्या भानगडीत पडू नका. त्याच कंपन्यांचे १२ व्होल्टचे दिवे मात्र इथल्या ट्रान्स्फॉर्मरवर चालतात. कॅटलॉग नंबर बघूनच मागवा.

वॅटच्या आकड्याकडे बघताना एक भान ठेवा. १८ वॅटच्या आरजीबी दिव्यात तिन्ही रंगांत ताकद वाटलेली असते, त्यामुळे नुसता निळा लावला की प्रत्यक्षात त्याचा तिसरा हिस्साच पेटलेला असतो. आठ बाय चार मीटरच्या, फिकट निळ्या टाइलच्या पुलाला असे दोन चालतात, तीन चांगले. गडद हिरव्या किंवा काळ्या दगडाच्या पुलात, आणि हल्ली आसगावकडे तसेच पूल जास्त होतात, तीन दिवेही कमी पडतात. तिथे दिवे वाढवायचे, एकाचीच वॅट वाढवून फरक पडत नाही. आणि दिव्याचं तोंड घराकडे, बसायच्या जागेकडे नको. ते समोरच्या भिंतीकडे असलं की डोळ्यांवर झोत न येता पाणी उजळतं.

कंट्रोलरचा प्रश्न

रंग कसा बदलायचा याचे चार मार्ग आहेत आणि आमची मतं या बाबतीत ठाम आहेत.

पहिला मार्ग भिंतीवरच्या साध्या बटणाचा. बटण बंद करून पटकन चालू केलं की दिवा पुढच्या रंगावर जातो. वेगळा कंट्रोलर लागत नाही, खर्च शून्य. इंटेलिब्राइटही याच पद्धतीवर चालतो: पाच स्थिर रंग आणि सात बदलते क्रम, बटण किती वेळा दाबलं त्यावरून निवडायचे. वीज स्थिर असलेल्या ठिकाणी ही पद्धत छान. पण गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत दिवसातून कितीदा तरी वीज क्षणभर जाते आणि येते. जनरेटरवर किंवा इन्व्हर्टरवर बदल होतानाही तसाच झटका बसतो. दिव्याला ते बटण दाबल्यासारखंच वाटतं. पाहुण्यांनी निळा लावून ठेवला असेल तर जेवणाच्या मध्यावर पूल लाल होतो. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक दिव्यात स्वतःची चिप असते, एखाद्याला झटका जाणवतो, दुसऱ्याला नाही, आणि तीन दिवे तीन रंगांत फिरायला लागतात. ते पुन्हा जुळवायला ठरावीक क्रमाने बंद-चालू करावं लागतं आणि तो क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा. एकच दिवा असलेल्या छोट्या प्लंज पुलाला ही पद्धत चालेल. दोन किंवा जास्त दिवे असतील तर नको.

दुसरा मार्ग दोन तारांच्या सिंक्रोनस कंट्रोलरचा. ट्रान्स्फॉर्मर आणि दिवे यांच्या मध्ये एक डबा बसतो आणि तो त्याच दोन वीजतारांवरून दिव्यांना आज्ञा पाठवतो. सगळे दिवे एकाच वेळी, एकाच रंगात. जुन्या पांढऱ्या दिव्याची दोन तारांची केबल तशीच वापरता येते. रिमोटसकट कंट्रोलर दोन ते चार हजारांत येतो, ब्रँडेड घेतला तर कितीतरी जास्त. गोव्यातल्या बहुतेक व्हिलांना आम्ही हाच सुचवतो. अट एवढीच की दिवे आणि कंट्रोलर एकाच कंपनीचे हवेत. एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या दिव्याशी बोलत नाही, आकार सारखा असला तरी. पुढे एक दिवा गेला आणि तो बनवणारी कंपनी बाजारातून गेलेली असली तर सगळा संच बदलावा लागतो. म्हणून सुरुवातीलाच एक दिवा जास्तीचा घेऊन ठेवा, तोही त्याच खेपेतला. वेगळ्या खेपेतल्या एलईडीच्या रंगछटेत फरक असतो. निळ्यात तो लपतो, पांढऱ्यात मात्र लगेच उघडा पडतो.

तिसरा मार्ग चार तारांचा आरजीबी, १२ व्होल्ट डीसीवर. एक तार सामाईक पॉझिटिव्ह, बाकी तीन लाल, हिरव्या आणि निळ्याच्या. कंट्रोलर स्वस्त, पंधराशेपासून मिळतो, कुठल्याही कंपनीचा चालतो आणि रंगांची मिसळ हवी तशी करता येते. नवीन पूल बांधताना केबल नवीन टाकायची असेल तर हा विचार करण्याजोगा आहे. पण जुन्या पुलात चार तारा ओढणं म्हणजे मोठं काम. शिवाय डीसीची एक खोड आहे: जोडावर ओल पोचली की पॉझिटिव्ह बाजूचं तांबं झपाट्याने खाल्लं जातं. जंक्शन बॉक्स उघडला की तारेवर हिरवी भुकटी दिसते आणि बोट लावलं तर तार तुटून हातात येते. एसीवर हे इतक्या वेगाने होत नाही. गोव्याच्या दमट हवेत हा फरक एका पावसाळ्यात कळतो.

चौथा डीएमएक्स ५१२, म्हणजे दिव्यांना डिजिटल आज्ञा देण्याची पद्धत. प्रत्येक दिव्याला पत्ता देऊन वेगवेगळा रंग देता येतो. एका लाइनवर ५१२ चॅनल, आरजीबी दिव्याला तीन लागतात, म्हणजे १७० दिवे. लाइनच्या शेवटी १२० ओहमचा रेझिस्टर हवा, नाहीतर दिवे थरथरतात. मोठ्या हॉटेलात पूल, कारंजं आणि बागेचे दिवे एका तालात चालवायचे असतील तर याला पर्याय नाही. तीन दिव्यांच्या व्हिलासाठी मात्र हा उगाच वाढवलेला खर्च. कुणी सुचवत असेल तर कारण विचारा.

मोबाइलवर चालणाऱ्या वाय-फाय कंट्रोलरबद्दल खूप विचारणा होते. ते बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्याच वाय-फायवर चालतात. राउटर दोन्ही बँडना एकच नाव देत असेल तर जोडताना अडचण येते, तेव्हा २.४ चं नाव वेगळं करून घ्या. पंपरूम जमिनीत आणि भिंती जाड चिऱ्याच्या असतील तर सिग्नल पोचतच नाही. रेडिओ रिमोटचंही तेच. कंट्रोलर वर, हवेशीर आडोशाला बसवला तर दोन्ही नीट चालतात. भाड्याने दिलेल्या व्हिलांत आम्ही रिमोटच सुचवतो. पाहुणा बदलला की अॅप कुणाच्या मोबाइलवर, हा घोळ रोजचा होऊन बसतो.

दिवा खरंच गेला आहे का

नवीन दिवा घेण्याआधी अर्धा तास तपासणीला द्या. ‘गेलेल्या’ दिव्यांपैकी बरेच दिवे चांगले असतात, बिघाड ट्रान्स्फॉर्मरमध्ये किंवा जोडात असतो.

एमसीबी, म्हणजे दिव्यांच्या लाइनचा सुरक्षा-स्विच, चालू ठेवून ट्रान्स्फॉर्मरच्या दुय्यम, म्हणजे १२ व्होल्टच्या, बाजूला मल्टिमीटर एसीवर लावून मोजा. साडेअकरा ते साडेबारा हवेत. काहीच नसेल तर प्राथमिक बाजूचा फ्यूज किंवा खुद्द ट्रान्स्फॉर्मर गेला. त्यानंतर पुलाकाठच्या जंक्शन बॉक्समध्ये, दिवा जोडलेला आणि चालू असताना मोजा. ट्रान्स्फॉर्मरपाशी १२ आणि इथे साडेनऊ-दहा असतील तर केबल बारीक आहे किंवा जोड कुजला आहे.

हिशेब सोपा आहे. १८ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर दीड अँपिअर घेतो. पंपरूम ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर तार. एक चौरस मिलिमीटर तारेचा रोध सुमारे १.१ ओहम, म्हणजे १.७ व्होल्ट वाटेतच गेले. अडीच चौरस मिलिमीटर घेतली तर घट ०.७ व्होल्टवर येते. एकाच बारीक केबलवर दोन दिवे टाकले की नुकसान दुप्पट. व्होल्टेज कमी पडल्याची खूण रंगातच दिसते: लाल एलईडीला सुमारे दोन व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला तीनच्या आसपास लागतात. म्हणून बऱ्याच दिव्यांत आधी निळा आणि हिरवा मंदावतो आणि पांढरा गुलाबीसर दिसू लागतो. असा गुलाबी पांढरा दिसला की दिवा बदलू नका, केबल बघा.

याच्या उलटही होतं. हॅलोजनच्या जमान्यात ३०० वॅटचा दिवा २५ अँपिअर ओढायचा आणि केबलमध्येच बरेच व्होल्ट जायचे, म्हणून त्या ट्रान्स्फॉर्मरवर १२, १३ आणि १४ व्होल्टची टोकं असत आणि वायरमन तार १४ वर लावायचा. एलईडी लावताना ती १२ वर आणायला हवी. विसरलात तर दिवा पूर्ण १४ व्होल्ट खातो आणि काही महिन्यांत मरतो. आणखी एक, हॅलोजनचा हलका इलेक्ट्रॉनिक ट्रान्स्फॉर्मर एलईडीला लावू नका. त्याला चालायला ठरावीक किमान भार लागतो, तो एलईडीने मिळत नाही, आणि दिवा लुकलुकत राहतो. तांब्याच्या गुंडाळीचा जड ट्रान्स्फॉर्मरच घ्या. तीन दिव्यांना म्हणजे ५४ वॅटला १०० व्हीए क्षमतेचा, चार दिव्यांना १५० व्हीए.

केबलची ओल मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, तपासायची तर दोन्ही टोकं मोकळी करून, २५० व्होल्टवर. दिवा किंवा कंट्रोलर जोडलेला असताना मेगर लावला तर त्यांची इलेक्ट्रॉनिक्स जाते.

बदलण्याचं काम

पूल रिकामा करायची गरज नसते. कुणी पूल रिकामा करून टँकरने भरण्याचे पैसे मागत असेल तर दुसरा माणूस बघा. एमसीबी बंद करून त्यावर चिठ्ठी लावा. दिव्याच्या चौकटीचा वरचा स्क्रू काढला की दिवा पुढे येतो. निशमध्ये दीड-दोन मीटर केबल गुंडाळून ठेवलेली असते, तेवढ्यावर तो काठावर घेता येतो. ही गुंडाळी ठेवलेलीच नसेल, आणि घाईत झालेल्या कामात ती नसते, तर पाणी दिव्याच्या खाली उतरवावं लागतं.

नवीन दिवा बसवण्याआधी पाण्याच्या बादलीत बुडवून कंट्रोलरसकट तासभर चालवून बघा. सगळे रंग, सगळे दिवे एका तालात. कोरड्यात जास्त वेळ पेटवू नका, रेझिनचे दिवे पाण्यानेच गार होतात. याच कारणाने पूल साफ करायला रिकामा केला की दिव्यांचा एमसीबी बंद हवा. केअरटेकरला हे सांगून ठेवा.

केबल बदलायची असेल तर जुन्या केबलच्या टोकाला नायलॉनची दोरी आणि नवी केबल बांधून ओढतात. जोड एकाच जागी जाड होऊ नये म्हणून तारा मागेपुढे कापून बांधायच्या, वर घट्ट टेप. सरकायला साबणाचं पाणी वापरा. ग्रीस किंवा तेल नको, रबराचं आवरण फुगतं. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने ओढायचं, आणि अडली की जोर न लावता मागे घेऊन पुन्हा. इथेच कामाचं नशीब ठरतं. पाइप २० मिलिमीटरचा आणि त्यात दोन काटकोनी वळणं असतील तर केबल हलत नाही. मग फरशी फोडणं, किंवा पाणी परत येणाऱ्या तोंडात बसणारा दीड इंची छोटा दिवा लावणं, एवढेच पर्याय उरतात. छोट्या दिव्याचा प्रकाश कमी, पण फरशीचा खर्च बघता तो पुष्कळदा बरा पडतो.

पुढची गोष्ट गोव्यात फार वेळा दुर्लक्षिली जाते. दिव्याच्या पाइपात पुलाचं पाणी पुलाच्याच पातळीपर्यंत भरलेलं असतं, ते साहजिक आहे. पण इथे ओव्हरफ्लो पूल आणि जमिनीतली पंपरूम यांची जोडी नेहमीची. पाइप थेट खाली पंपरूममध्ये उतरवला असेल आणि निशमधलं तोंड नीट बंद नसेल तर पाणी पाइपातून खाली झिरपत राहतं. पुलाचं पाणी रोज उतरतं आणि दिव्याच्या पातळीला येऊन थांबतं, ही त्याची खूण. लोक टाइलमधली गळती शोधत बसतात. केबल बदलताना निशमध्ये ग्लँड, म्हणजे केबलभोवतीची पाणी अडवणारी चकती, घट्ट करून पाइपाचं तोंड पाण्यात जमणाऱ्या दोन भागांच्या इपॉक्सी पुटीने भरून घ्या. दोन-तीनशे रुपयांची पुटी आहे. केबल आधी पाण्याच्या पातळीच्या वर असलेल्या जंक्शन बॉक्समध्ये यावी आणि तिथून पंपरूमकडे जावी.

जोड फक्त त्या बॉक्समध्ये. लग, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची टोपी, दाबून बसवायची (क्रिंप), वर हीटश्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, आणि बॉक्समध्ये जेल भरायचं. नुसती पिळलेली तार आणि काळी टेप पहिल्या पावसातच जाते. बॉक्सला केबल खालून घ्या आणि न वापरलेली भोकं बुजवा. मुंग्या आणि पाली उबेला आत शिरतात.

आता खर्च मांडू

तीन दिव्यांचा पूल, दोन तारांची केबल शाबूत, पांढऱ्याचे रंगीत करायचे. पार ५६ प्रत्येकी ६,५०० धरले तर १९,५००. कंट्रोलर ३,०००, ट्रान्स्फॉर्मर २,५००, बॉक्स, ग्लँड आणि जेल मिळून ८००. बेरीज २५,८००. त्यावर १८ टक्के जीएसटी ४,६४४. मजुरी दिव्यामागे दीड हजार म्हणजे साडेचार हजार. सगळं मिळून ३५ हजारांच्या आसपास. स्वस्तातले चपटे दिवे घेतले तर हेच काम २४-२५ हजारांत बसतं. ब्रँडेड तीन दिवे घेतले तर नुसते दिवेच ६० हजारांवरून सुरू होतात आणि कंट्रोलर धरून लाखाकडे जातं. केबल बदलायची वेळ आली तर तीस मीटर रबरी केबल आणि दोन माणसांचा एक दिवस वाढवा. फरशी फोडायची वेळ आली तर दिव्यांपेक्षा मेस्त्री महाग पडतो, आणि जुन्या फरशीच्या जोडीची फरशी मिळेलच याची खात्री नाही.

फक्त एक दिवा गेला असेल आणि त्याच कंपनीचा मिळत असेल तर आठ-दहा हजारांत काम होतं. पण संच सहा-सात वर्षं जुना असेल तर एकटा नवा दिवा बाकीच्यांपेक्षा उजळ दिसतो. अशा वेळी नवा दिवा सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात लावून घ्या, नजरेत कमी येतो.

हॅलोजन अजून चालू असलेल्यांना बदल करायला हरकत नाही. ३०० वॅटचे दोन दिवे रात्री पाच तास म्हणजे महिन्याला ९० युनिट. १८ वॅटचे तीन एलईडी तेवढेच तास चालवले तर आठ युनिट. स्वतःच्या बिलातल्या दराने गुणून बघा.

मीठ, पाऊस आणि हंगाम

सॉल्ट क्लोरिनेटरच्या, म्हणजे मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्राच्या, पुलात लिटरला तीन-चार ग्रॅम मीठ असतं. त्यात ३०४ स्टीलचे स्क्रू वर्ष-दीड वर्षात तांबूस डाग सोडतात आणि नंतर उघडतच नाहीत. ३१६ चे मागा, दुकानदाराला तसं बिलावर लिहायला सांगा. चौकट स्टीलची चमकदार दिसते, पण मिठाच्या पुलाला प्लास्टिकचीच टिकते. विहिरीच्या किंवा टँकरच्या पाण्यात लोह असेल तर काचेवर तपकिरी थर बसतो आणि सगळे रंग मळकट होतात. तो मऊ ब्रशने निघतो, तारेची घासणी लावू नका. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये राहिला तर थर फारसा बसत नाही.

ट्रान्स्फॉर्मर आणि कंट्रोलर जमिनीपासून किमान मीटरभर वर हवेत. जमिनीतल्या पंपरूममध्ये जुलैत पाणी भरतं, हे दरवर्षीचं. शक्य असेल तर हे दोन्ही डबे पंपरूममध्ये ठेवूच नका.

मोरजी, आश्वे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने भरकटतात. किनाऱ्याला लागून असलेल्या पुलांनी नोव्हेंबरपासून रात्री उशिरा दिवे बंद ठेवावेत आणि किनाऱ्याकडे तोंड करून दिवा बसवूच नये. निळा आणि पांढरा पिल्लांना सर्वाधिक भुलवतो.

कामाची वेळ सांगायची तर चवथीच्या आठवड्यात वायरमन मिळत नाही, आणि नाताळ-नवीन वर्षाच्या तोंडावर मिळाला तरी घाईत काम होतं आणि दर वाढलेला असतो. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला उरकून घ्या. म्हापसा, पर्वरी, मडगावच्या दुकानांत साधे दिवे बहुधा तयार मिळतात. सिंक्रोनस संच हवा असेल तर मागवायला आठ-दहा दिवस धरा.

कोटेशन घेताना

पूल सांभाळणारा कंत्राटदार पाण्याचं जाणतो, वायरमन विजेचं. दिव्याच्या कामाला दोन्ही लागतात, म्हणून दर कुणाचाही घ्या, पण या गोष्टी कागदावर लिहून घ्या: दिव्याचा नमुना आणि वॅट, तारा किती, कंट्रोलर कोणत्या पद्धतीचा आणि किती वॅटचा, केबलची जाडी आणि लांबी, जोड कुठे असेल, निशमध्ये किती केबल गुंडाळून ठेवणार, पाइपाचं तोंड बुजवणार की नाही. ‘आरजीबी लाइट विथ रिमोट, तीन नग’ एवढ्यावर आगाऊ रक्कम देऊ नका.

हमी बहुतेक ठिकाणी एक वर्षाची असते आणि तिच्यातून दोन गोष्टी वगळलेल्या असतात: जोडातून शिरलेलं पाणी आणि जास्त व्होल्टेज. दिवे मरतात ते मुख्यतः याच दोन कारणांनी. म्हणून जोड बॉक्समध्ये बंद करण्याआधी त्याचे फोटो आणि दिवा चालू असताना बॉक्समध्ये मोजलेलं व्होल्टेज बिलाच्या मागे लिहून, सही घेऊन ठेवा. दिवा सहा महिन्यांत गेला तर वाद त्या कागदावर मिटतो. शेवटचे दोन हजार रुपये पहिल्या जोरदार पावसापर्यंत राखून ठेवायची अट काही कंत्राटदार मान्य करतात. जो करतो, त्याला काम द्या.